नाणेघाटातील २४,४००

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्राकृत लेख ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख काही अभ्यासक आणखी मागे नेतात. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, चांदीची पात्रे, कार्षापण. एके ठिकाणी ‘बारस’ हा शब्द आणि लगेच १२ चा अंक, असे दोन्ही येते. आपला ‘बारा’ तो हाच.

या लेखातील अंकांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वतंत्र निबंध लिहिला. तरीही ‘नाणेघाटात शून्य सापडले’ असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. एका यज्ञाच्या दक्षिणेचा आकडा पाहावा: २४,४०० कार्षापण. आपण तो पाच अंकांत लिहितो. तिथे चिन्हे तीनच आहेत, २०,०००, ४,००० आणि ४००. हजाराच्या चिन्हाला चार जोडला की चार हजार, शंभराच्या चिन्हाला जोडला की चारशे. म्हणजे चाराची किंमत त्याच्या स्थानावरून ठरत नाही, तो ज्याला जोडला आहे त्यावरून ठरते. रिकामे स्थानच नसल्याने शून्याची गरजही नाही. १०,००१ गाईंना तर दोनच चिन्हे पुरतात.

आता या संख्यांचा स्वभाव. २४,४०० चे मूळ अवयव २ (चार वेळा), ५ (दोन वेळा) आणि ६१. एकूण विभाजक ३०. श्रौत परंपरेत सोमयागाचे ऋत्विज सोळा, चार-चारांच्या चार श्रेणींचे. दक्षिणेचे शंभर भाग केले तर त्या श्रेणींना अनुक्रमे ४८, २४, १६ आणि १२ भाग मिळतात. या हिशेबाने २४,४०० चा भाग २४४ कार्षापणांचा होतो आणि पहिल्या श्रेणीतील प्रत्येकाला २,९२८, शेवटच्या श्रेणीतील प्रत्येकाला ७३२ येतात. एक नाणेही मोडावे लागत नाही. वाटणी अशीच झाली असे लेख सांगत नाही, पण आकडा त्या वाटणीला तंतोतंत बसतो.

१०,००१ मात्र बसत नाही. ७३ आणि १३७ या दोन मूळ संख्यांचा तो गुणाकार. शंभराने भागताना एक गाय उरतेच. याच लेखात ६,००१ कार्षापण आणि १,१०१ गाईही आहेत. हा वरचा ‘एक’ वाटणीच्या सोयीचा नव्हे. आहेराच्या पाकिटात आजही १०१ किंवा ५०१ रुपये घातले जातात, तेव्हा त्याच जातीचा एक त्यात असतो.

स्थानमूल्य पद्धतीतील शून्याचा भारतातील प्रसिद्ध कोरीव पुरावा ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातला, इ.स. ८७६ चा. नाणेघाट त्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधीचा.