छायाचित्रातल्या तिघी

वर्गात आनंदीबाई जोशी शिकवताना 'पहिल्या महिला डॉक्टर' एवढे फळ्यावर लिहिले, की मी पुढच्या धड्याकडे वळत असे. परवा १८८५ सालचे त्यांचे छायाचित्र पाहिले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या तिघी: जपानच्या केइ ओकामी, दमास्कसच्या सबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई. प्रत्येकीच्या अंगावर आपल्या देशाचा पोशाख.

आनंदीबाई १८८३ साली तिकडे गेल्या, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या. नऊवारीत पाय उघडे पडत, थंडी सोसेना. म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसू लागल्या, पण सोडली नाही. हे मी मुलांना कधी सांगितलेच नाही!

१८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि वर्षाच्या आत त्या पुण्यात क्षयाने गेल्या. रक्षा मात्र परत अमेरिकेला गेली. ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या कार्पेंटरबाईंच्या घरच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पाकिप्सी गावी, ती आहे.