बाळंतिणीजवळ कोण बसायचं?

शिळफाट्याच्या आमच्या गटातल्या एक ताई परवा म्हणाल्या, "चाळिशीला टेकले आणि पहिलंच बाळंतपण. आई तर गेली. माझ्याजवळ कोण बसणार?" वयापेक्षा त्यांना हीच भीती जास्त. म्हणून आज थोडं मागचं बोलू.

चाळिशीतलं बाळंतपण आपल्याकडे नवं नाही. आज्यांच्या काळी सासू-सून एकाच साली बाळंत व्हायच्या. पण सासूचं ते सातवं-आठवं असायचं. नवं आहे ते उशिरा येणारं पहिलं. आपली सगळी रीत कोवळ्या पोरीसाठी बांधलेली. पहिल्या खेपेला माहेरी जायचं, आई उशाशी, सुईण पायाशी. नवरा उंबऱ्याबाहेर. त्यात दहा दिवसांचं सोयर, म्हणजे तो खोलीत फिरकायचाच नाही. आई होती, म्हणून कुणाचं अडलं नाही.

पुढे बाळंतपणं दवाखान्यात गेली. २००५ साली जननी सुरक्षा योजना आल्यावर तर फारच. जीव वाचले, हे आधी कबूल करू. पण आई आणि सुईण दोघी दाराबाहेर राहिल्या. आमच्यातल्या कितीतरी जणींनी एकटीनं कळा काढल्या, ओरडलो तर बोलणीही खाल्ली.

तिकडे ग्वाटेमाला देशात डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. काही बायकांजवळ एक अनोळखी बाई बसवली. तिनं पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, बस. त्या बायका बऱ्याच लवकर मोकळ्या झाल्या. हे १९८० साली छापून आलं. आपल्या सुईणीला हे कुणी विचारलं असतं तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं!

२०१६ साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला सांगितलं. बाळंतपण अनुभवलेली बाई असावी, आणि आडपडद्याची सोय असेल तिथं नवराही चालेल.

ताईंचे यजमान आधी म्हणाले, "मला त्यातलं काय कळतंय?" आम्ही म्हटलं, पाणी पाजता येतं ना? पस्तिशीनंतर रक्तदाब आणि साखर वाढायची धास्ती जास्त, म्हणून आता दर तपासणीला तेही जातात. मागच्या खेपेला त्यांनीच नर्सबाईंना विचारलं, "आत पडदा आहे का हो?"