प्लेगचे दोन नकाशे

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे निदान केले, तेव्हा त्या रोगाचा जंतू हाँगकाँगमध्ये यर्सिनच्या हाती लागून दोन वर्षे लोटली होती. परंतु तो एका घरातून दुसऱ्या घरात कशाच्या आश्रयाने शिरतो, हे सरकारास उमगलेले नव्हते. मांडवी म्हणजे बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनी गजबजलेला मुलूख. तेथून उठलेली साथ डिसेंबरात कराचीस पोहोचली, १८९७ च्या आरंभी पुण्यात बळावली आणि १८९८ साली कलकत्ता व बंगलोर येथे प्रकटली. दरम्यान मुंबईच्या आठ लाखांवरील वस्तीपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले.

रोगाचा प्रवास म्हणजे रोग्याचा प्रवास, हे सरकारी गृहीत होते. मृत्यूंच्या नोंदी इलाख्याच्या नकाशावर मांडल्या की बाधित गावे लोहमार्गाच्या कडेने उमटलेली दिसत, आणि त्या दर्शनास अनुसरूनच स्थानकांवरील तपासणी, क्वारंटीन, विलगीकरणाच्या छावण्या आणि घरझडत्या अमलात आल्या. १८९७ च्या साथरोग कायद्याने अंमलदारांना अमर्याद अधिकार दिले. पुण्यात सोजिरांनी माजघरे व देवघरे धुंडाळली, आणि २२ जून रोजी तेथील प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली.

नकाशा खोटा नव्हता. मात्र रोगाच्या कित्येक लक्षणांचा त्यात उलगडा होत नव्हता. प्लेगच्या इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागण क्वचितच होई. साथ पावसाळ्यात ओसरे आणि हिवाळा सरता सरता मुंबईत पुन्हा डोके वर काढी. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये कराचीत रोग उंदराच्या पिसवेमार्फत पसरतो याचे प्रमाण पुढे ठेवले. पण त्याच साली नेमलेल्या प्लेग कमिशनने ते ग्राह्य मानले नाही.

१९०५ पासून परळ येथे संशोधन करणाऱ्या नव्या कमिशनने हजारो उंदीर तपासून, बाधित उंदीर ज्या जागी सापडला त्या जागेची नोंद ठेवली, आणि असा दुसरा नकाशा तयार झाला. त्यात आधी गटारातील उंदीर, मग घरातील उंदीर आणि त्यानंतर सुमारे पंधरवड्याने माणूस, असा क्रम निर्विवादपणे दिसून आला. लोहमार्गाचे महत्त्व त्यामुळे उणावले नाही; त्या मार्गाने काय वाहिले जाते, याचा अर्थ तेवढा पालटला. धान्याच्या पोत्यांतून उंदीर आणि प्रवाशांच्या बोचक्यांतून पिसवा परगावी जात; ज्वराचा मागमूस नसलेला निरोगी उतारूही, नाडी पाहून सोडला गेल्यावर, रोगाचा वाहक ठरू शकत होता.

दख्खनच्या खेड्यांतील रयतेला यातील निम्मे तरी अनुभवाने अवगत होते. उंदीर पडू लागले की गावकरी घरे मोकळी करून माळावर झोपड्या घालीत. त्या वर्तनास अज्ञानजन्य भय न मानता मुलकी दप्तराने पडलेल्या उंदरांची गावोगाव आणि तारीखवार नोंद आरंभापासूनच घेतली असती, तर बंदोबस्ताचा रोख प्रवाशावरून वखारीकडे काही वर्षे आधीच वळला असता.