दहापैकी सहा: व्हिडिओ गेमच्या समीक्षेतील एका आकड्याचा इतिहास

२८ नोव्हेंबर २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'गेमस्पॉट' या संकेतस्थळाने आपले संपादकीय संचालक जेफ गर्स्टमन यांना नोकरीवरून काढून टाकले. गर्स्टमन तेथे दहा वर्षांहून अधिक काळ काम करत होते. पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन' या नव्या गेमचे परीक्षण लिहिले होते आणि दहापैकी सहा गुण दिले होते. त्या दिवसांत संकेतस्थळाचे मुखपृष्ठ त्याच गेमच्या जाहिरातींनी भरलेले होते.

गेमस्पॉटच्या स्वतःच्या मोजपट्टीवर सहा म्हणजे 'ठीक'. शाळेच्या हिशेबात तर हा प्रथम वर्ग. एवढ्या मध्यम आकड्यापायी माणसाची नोकरी धोक्यात यावी, हे कोडे सोडवायचे तर हा आकडा मुळात कोणासाठी जन्मला आणि पुढे कोणाच्या हाती गेला, हे पाहावे लागते.

सुरुवात १९७९ च्या सुमारास होते. अमेरिकेत 'व्हिडिओ' नावाचे मासिक निघत असे. त्यात बिल कंकल आणि आर्नी कॅट्झ यांनी 'आर्केड अ‍ॅली' हे सदर सुरू केले. व्हिडिओ गेमच्या नियमित परीक्षणाचे हे बहुधा पहिले सदर. दोघेही विज्ञानकथांच्या हौशी अनियतकालिकांच्या जगातून आलेले; आवडत्या गोष्टीवर गांभीर्याने वाद घालण्याची सवय त्यांना तिथेच लागली होती. १९८१ मध्ये जॉइस वर्ली यांच्यासह त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' हे स्वतंत्र मासिक काढले. अमेरिकेतील या विषयाला वाहिलेले ते पहिले मासिक. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी 'कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' निघाले.

या समीक्षेची गरज सौंदर्यशास्त्रातून निर्माण झाली नव्हती. ती खिशातून निर्माण झाली होती. अटारीच्या कार्ट्रिजच्या खोक्यावर अंतराळयाने, ड्रॅगन, तळपत्या तलवारी रंगवलेल्या असत. पडद्यावर मात्र चार चौकोनी ठिपके हलत. सिनेमाचे तिकीट वाया गेले तर संध्याकाळ वाया जाते. कार्ट्रिज फसले तर मुलाची कित्येक महिन्यांची बचत जाते. दुकानात खेळून पाहण्याची सोय सगळीकडे नव्हती. अशा वेळी ज्याने तो गेम आधीच खेळला आहे, असा एक भरवशाचा माणूस हवा होता. समीक्षक म्हणजे तो माणूस.

तो माणूस वेळेवर पोहोचत नव्हता, ही अडचण होती. छापील मासिकाचा मजकूर अंक बाजारात येण्याच्या कितीतरी आठवडे आधी तयार करावा लागे. मार्च १९८२ मध्ये अटारीने 'पॅक-मॅन'ची घरगुती आवृत्ती आणली. लुकलुकणारी भुते, फिके रंग, आर्केडमधल्या मूळ खेळाशी नाममात्र साम्य. समीक्षकांनी नाके मुरडली, पण तोवर लाखो प्रती विकल्या गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या नाताळात 'ई.टी.' आला. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना तो गेम रचायला अवघे पाच आठवडे मिळाले होते. पुढच्या वर्षी न विकलेली आणि परत आलेली कार्ट्रिजेस न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरण्यात आली. ही दंतकथा असावी असे अनेकांना वाटत असे. एप्रिल २०१४ मध्ये उत्खनन झाले आणि कार्ट्रिजेस खरोखरच वर आली. (पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हेवा वाटावा असे उत्खनन!)

१९८३ मध्ये अमेरिकेतील या उद्योगाची उलाढाल सुमारे तीन अब्ज डॉलर होती, ती दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास घसरल्याचे सांगितले जाते. केवळ वाईट गेममुळे बाजार कोसळला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. घरगुती संगणकांची स्पर्धा होती, मालाचा अतिरेक होता, दुकानदारांची घबराट होती. पण ग्राहकाचा विश्वास उडाला, हे कारण त्यात निश्चित होते. 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' मासिकही १९८५ मध्ये संपले. रोग ओळखणारा वैद्य रोग्याबरोबरच गेला.

त्यानंतर निन्टेन्डोने विश्वासाचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. खोक्यावर 'दर्जाची मोहोर' छापली आणि १९८८ मध्ये 'निन्टेन्डो पॉवर' हे स्वतःचेच मासिक काढले. उत्पादकच प्रकाशक, उत्पादकच परीक्षक. नकाशे, युक्त्या, चित्रे उत्तम असत आणि मुलांनी ते जिवापाड जपले. पण हलवायाने आपल्याच पेढ्यांना गुण द्यावेत, तसा हा प्रकार होता.

भारतात नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला घरोघरी टीव्हीला जोडल्या गेल्या. त्यांच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत तेच दहाबारा गेम नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. इथे परीक्षण नव्हते, मोहोरही नव्हती. कॅसेट आधी कोणी घेतली आहे, त्या मित्राला विचारणे एवढाच उपाय होता.

जपानमध्ये मात्र याच काळात एक वेगळी पद्धत आकाराला आली. १९८६ च्या जूनमध्ये 'फॅमिकॉम त्सूशिन' म्हणजेच पुढचे 'फॅमित्सू' सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यात 'क्रॉस रिव्ह्यू' हे सदर आले. एका गेमला चार परीक्षक. प्रत्येकाचा मोजक्या ओळींचा अभिप्राय आणि दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. या रचनेचे मोठेपण बेरजेत नाही. नऊ, सहा, आठ, पाच असे चार आकडे शेजारी शेजारी दिसले की वाचकाला मतभेदच दिसतो. या गेमवर एकमत नाही, तेव्हा आपली आवड कोणत्या परीक्षकाशी जुळते ते पाहा, एवढे ती चौकट न बोलता सांगते. समीक्षेच्या इतिहासात याहून प्रामाणिक मांडणी क्वचितच झाली असेल.

पहिली बारा वर्षे कोणत्याही गेमला चाळीसपैकी चाळीस मिळाले नाहीत. १९९८ मध्ये 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'ने तो मान मिळवला. त्यानंतर मात्र बांध फुटला. २०१० पर्यंत पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यांची संख्या डझनापलीकडे गेली. २००५ मध्ये तर 'निन्टेन्डॉग्ज' या हातातल्या डीएस यंत्रावरच्या गेमला चाळीस गुण मिळाले. त्यात जिंकून संपवायची कथा नाही. कुत्र्याचे पिल्लू पाळायचे, पडद्यावर काडी फिरवून त्याला गोंजारायचे. हा निर्णय धाडसी होता आणि अनेकांना वाटला तितका हास्यास्पद मुळीच नव्हता. पण एकूण यादी पाहिली तर गेम अधिक चांगले होत गेले की परीक्षकांचा हात सैल झाला, हा प्रश्न टळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर धंद्याच्या रचनेत आहे. सर्वसाधारण वृत्तपत्रात साबणाची, सोन्याची, शिकवणीची जाहिरात असते. नाट्यपरीक्षण कडक झाले म्हणून साबणवाला रुसत नाही. गेमच्या मासिकात जाहिरात गेमचीच. शिवाय प्रकाशनापूर्वी परीक्षणासाठी लागणारी प्रतही तोच प्रकाशक देणार, निर्मात्यांची मुलाखतही तोच ठरवणार. ज्याच्या मालाची परीक्षा घ्यायची, त्याच्याच घरचे जेवण.

त्यात २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' आले. निरनिराळ्या ठिकाणची परीक्षणे गोळा करून शंभरपैकी एक सरासरी देणारे हे संकेतस्थळ. कोणी तारे देतो, कोणी अक्षरश्रेणी. मेटाक्रिटिक सगळ्यांचे आकडे करते. 'बी वजा' ही श्रेणी त्याच्या कोष्टकात ६७ होते. कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचे, ते गुप्त ठेवले जाते. एक तपशील विशेष बोलका आहे: सिनेमाची सरासरी ६१ झाली की तिला हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र त्यासाठी ७५ लागतात. म्हणजे गेमचे गुण मुळातच फुगलेले असतात, हे मोजणाऱ्याने स्वतःच मान्य केले होते. अशा पट्टीवर सहा म्हणजे 'ठीक' उरत नाही. तो जवळजवळ नकार होतो.

आणि प्रकाशकांनी ही पट्टी करारात नेली. २००४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या गेम विभागाचे प्रमुख जेसन हॉल यांनी जाहीर केले की, कंपनीच्या चित्रपटांवर बेतलेल्या गेमची सरासरी ७० टक्क्यांखाली गेली तर प्रकाशकाला जादा रॉयल्टी भरावी लागेल. हेतू वाईट नव्हता. चित्रपटांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या सुमार गेमना आळा घालायचा होता. पण त्या क्षणी ग्राहकासाठी लिहिलेला आकडा दोन कंपन्यांमधल्या हिशेबाचे कलम झाला. परीक्षक नकळत दंडाधिकारी बनला.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २००७ कडे पाहावे. गर्स्टमन गेले तेव्हा कंपनीने जाहिरातदाराच्या दबावाचा इन्कार केला आणि गर्स्टमन करारामुळे बोलू शकत नव्हते. वाचकांनी मात्र दोन अधिक दोन केले. गेमस्पॉटमधील अनेक सहकारी पुढच्या काही महिन्यांत बाहेर पडले. २००८ मध्ये गर्स्टमन यांनी रायन डेव्हिस यांच्यासह 'जायंट बॉम्ब' सुरू केले. मार्च २०१२ मध्ये गेमस्पॉटच्या मालक कंपनीनेच जायंट बॉम्ब विकत घेतले, तेव्हा मौनाची अट सुटली. जाहिरातदारांनी नाराजी दाखवण्याचे प्रसंग आधीही घडले होते, आणि ते हाताळण्याचा अनुभव नसलेल्या नव्या व्यवस्थापनाने आपल्याला काढले, असे गर्स्टमन यांनी तेव्हा उघडपणे सांगितले. त्या वेळी मेटाक्रिटिकही याच मालक कंपनीच्या छत्राखाली होते, ही गंमत विसरू नये.

त्याच मार्च महिन्यात आकड्याची दुसरी बाजू समोर आली. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा गेम २०१० मध्ये आला होता. तो घडवला ऑब्सिडियन या स्टुडिओने, प्रकाशित केला बेथेस्डाने. ऑब्सिडियनचे ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी सांगितले की, मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले असते तर स्टुडिओला बोनस मिळणार होता. मिळाले ८४. ही माहिती बाहेर आली तेव्हा स्टुडिओत नुकतीच नोकरकपात झाली होती. परीक्षकांनी गेममधल्या असंख्य तांत्रिक दोषांवर बोट ठेवले होते आणि ते योग्यच होते. ग्राहकाला ते कळायलाच हवे होते. पण एखाद्या समीक्षकाने सात द्यावे की आठ, या विचारात घालवलेली पाच मिनिटे दुसऱ्या कोणाच्या पगाराशी जोडलेली होती आणि त्या समीक्षकाला त्याची कल्पनाही नव्हती.

काहींनी आकडाच सोडून दिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्रिटनच्या 'युरोगेमर'ने दहापैकी गुण देणे बंद केले आणि शिफारस, टाळा अशा मोजक्या शिक्क्यांवर भागवले. २०२३ मध्ये तेथे पाच तारे परत आले. वाचकाला आकडा हवा असतो. तो त्याला दोष देण्यासारखा गुन्हा नाही.

१० डिसेंबर २०२० रोजी पोलंडच्या 'सीडी प्रोजेक्ट' कंपनीचा 'सायबरपंक २०७७' प्रकाशित झाला. प्रकाशनाआधी परीक्षकांना फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती आणि स्वतः टिपलेली दृश्ये दाखवण्यास मनाई होती. सुरुवातीची सरासरी नव्वदीच्या घरात गेली. मग पीएस४ आणि एक्सबॉक्स वन घेऊन बसलेल्या लोकांनी गेम सुरू केला. पात्रांचे चेहरे आकार घेईनात, गाड्या जमिनीत रुतत, गेम मध्येच बंद पडे. पीएस४ आवृत्तीची सरासरी पुढे साठाच्याही खाली स्थिरावली. आठवडाभरात सोनीने गेम आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. तो परत आला जून २०२१ मध्ये. अडतीस वर्षांपूर्वीच्या 'पॅक-मॅन'च्या ग्राहकाची अवस्था नेमकी हीच होती: खोक्यावर एक, पडद्यावर एक.

त्याच डिसेंबरात ब्लूमबर्गच्या वृत्तातून आणखी एक गोष्ट कळली. सीडी प्रोजेक्टच्या कर्मचाऱ्यांचा बोनस मेटाक्रिटिकवर किमान ९० गुण मिळण्याशी बांधलेला होता. महिनोन्‌महिने जादा तास काम केलेल्या त्या लोकांना प्रकाशनानंतर व्यवस्थापनाने कळवले की ती अट रद्द केली आहे. सरासरी काहीही येवो, बोनस दिला जाईल.