आवळा, कांती आणि वर्ण

कार्तिकात आवळ्याची झाडे फळांनी लगडतात आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी आवळीभोजनाचे बेत ठरतात. मोरावळा, सुपारी, सरबत या रूपांनी हे फळ वर्षभर आपल्या घरात नांदत असते. अलीकडे मात्र आवळ्याचे चित्र आणखी एका ठिकाणी दिसू लागले आहे, ते म्हणजे सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर. चित्राखाली 'प्राचीन आयुर्वेद' ही अक्षरे असतात आणि त्यांच्या सोबतीला त्वचा उजळण्याचे आश्वासन. या आश्वासनाला प्राचीन ग्रंथांचा आधार कितपत आहे, याचा शोध घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण सावळ्या मुलीच्या मनात लहानपणापासून जो न्यूनगंड रुजविला जातो, त्याला ऋषींची साक्ष काढली जात असेल, तर ती साक्ष एकदा तपासून पाहिलीच पाहिजे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे पन्नास गट सांगितले आहेत. प्रत्येक गटात दहा द्रव्ये आहेत. त्यांपैकी 'कुष्ठघ्न' म्हणजे त्वचारोगांचा नाश करणाऱ्या गटात खैर, हिरडा, हळद यांच्याबरोबर आवळ्याचे नाव येते. सर्वांत शेवटचा, पन्नासावा गट 'वयःस्थापन' द्रव्यांचा, म्हणजे तारुण्य टिकवून धरणाऱ्यांचा. तेथे आवळा 'धात्री' या नावाने येतो. धात्री म्हणजे दाई, आईच्या मायेने सांभाळ करणारी. पुढे पंचविसाव्या अध्यायात वयःस्थापन द्रव्यांत आवळा सर्वश्रेष्ठ, असा स्पष्ट निर्वाळाही दिलेला आहे. याच यादीत 'वर्ण्य' म्हणजे वर्णाला हितकर अशा द्रव्यांचा एक स्वतंत्र गट आहे. चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा ही त्यातील काही नावे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या गटात आवळा नाही.

आवळ्याच्या रसायनांनी वर्ण प्रसन्न होतो, असे चरकाने म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच्या लेखी वर्ण म्हणजे काय, हे पाहण्यासाठी इंद्रियस्थानाकडे वळावे लागते. वैद्याने रोग्याची आयुर्मर्यादा कशी ओळखावी, याचे विवेचन तेथे आहे. माणसाच्या शरीराचे स्वाभाविक वर्ण सांगताना ग्रंथकार कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात असे चार वर्ण सांगतो. म्हणजे काळा, सावळा, उजळ सावळा आणि गोरा. यांतील एकही रोग नव्हे. उलट, विकृतीचे सूचक म्हणून जे वर्ण त्याने दिले आहेत, त्यांत निळा व हिरवा यांच्याबरोबर पांढराफटक 'शुक्ल' वर्णही आहे! काळ्या कातडीला औषधाची गरज आहे, असे हा वैद्य मानीत नाही. ज्याचा जो वर्ण, तो निरोगी राहावा, त्यावर तेज यावे, एवढीच त्याची अपेक्षा दिसते.

सुश्रुतसंहितेत हाच विचार दैनंदिन आचाराच्या पातळीवर येतो. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायाचा विषय आहे, रोग येण्यापूर्वीच त्याला अटकाव करणे. दात घासणे, तेल लावणे, व्यायाम, स्नान यांच्या मालिकेत तेथे चेहरा व डोळे धुण्याचा विधी सांगितला आहे. आवळ्याच्या काढ्याने, नाहीतर साध्या थंड पाण्याने तोंड धुवावे. त्याने चेहऱ्यावरील निळसर डाग, कोरडेपणा, पुटकुळ्या आणि वांग दूर होतात, असे सुश्रुत म्हणतो. आवळा नसेल त्याने थंड पाणी वापरावे, ही सवलत आम्हांस मोठी बोलकी वाटते. हा उपचार राजवाड्यापुरता राखून ठेवलेला नव्हता.

घरोघरच्या परंपरेनेही ही साधी रीतच उचलली. आवळे उन्हात वाळवून केलेली आवळकाठी डब्यात भरून ठेवावयाची, लागेल तशी कुटून उटण्यात किंवा शिकेकाईत मिसळावयाची, अथवा रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी त्या पाण्याने न्हावयाचे. आवळ्यातील तुरटपणा टॅनिन द्रव्यांचा आहे. या द्रव्यांनी त्वचेचा वरचा थर किंचित आवळला जातो आणि तेलकटपणा कमी होतो. हीच द्रव्ये लोखंडाशी संयोग पावली की काळा रंग तयार होतो. म्हणूनच केसांना लावावयाचा आवळा लोखंडी कढईत भिजविण्याची पद्धत पडली. रसायनशास्त्राची परिभाषा अवगत नसतानाही पिढ्यान्‌पिढ्यांच्या गृहिणींनी हे निरीक्षण जतन केले.

आवळ्याची कीर्ती फार पूर्वीच देशाबाहेर गेली. संस्कृतातील 'आमलक' फारसीतून अरबीत 'अम्लज' झाला, लॅटिनमध्ये 'एम्ब्लिक' झाला आणि १७५३ साली लिनिअसने त्याच नावावरून या झाडाला 'फिलँथस एम्ब्लिका' हे शास्त्रीय नाव दिले. युरोपच्या औषधपेठेत हिरडा, बेहडा आणि आवळा ही फळे 'मायरोबॅलन' या एकाच नावाखाली विकली जात आणि त्यांचा उपयोग मुख्यतः सौम्य रेचक म्हणून होई. फळ समुद्रापार गेले. सकाळी आवळ्याच्या काढ्याने तोंड धुण्याचा आचार मात्र मागेच राहिला.

या प्रवासात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. मुंबई बेट ज्याच्याकडे पोर्तुगीज राजसत्तेकडून पट्ट्याने होते, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातील एक संपूर्ण संवाद या मायरोबॅलन फळांवर आहे. ओर्ता ज्यू वंशातील नवख्रिस्ती होता. १५६८ साली तो वारला आणि १५८० साली इन्क्विझिशनच्या आदेशाने त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. हे दुःखद पान आपण ख्रिस्ती वाचकांनी मिटून ठेवू नये. पुढे मलबारात फादर मॅथ्यू या कार्मेलाइट मिशनऱ्याने वनस्पतींची चित्रे व टिपणे सिद्ध केली आणि त्यांच्या प्रेरणेतून डच अधिकारी व्हान ऱ्हीड याचा 'होर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच खंडात आवळ्याचे चित्र आहे. त्याच खंडात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे प्रमाणपत्र छापले आहे. कोकणी वैद्यांचे तर नागरी लिपीत. ज्यांच्याकडून ज्ञान घेतले, त्यांची नावे तेथे सन्मानाने आली. आजच्या बाटलीवर असे कोणाचे नाव असते?

विसाव्या शतकाने आवळ्याला नवी प्रतिष्ठा दिली. सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२८ साली वेगळे काढलेले द्रव्य पुढे 'क' जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले आणि १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आवळा हे या जीवनसत्त्वाचे भांडार आहे. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन शरीरात नीट तयार होण्यास ते आवश्यक असते. 'वयःस्थापन' या जुन्या शब्दाशी हा शोध जुळता आहे. पण याच शतकाने गोरेपणाचा बाजारही उभा केला. 'फेअर अँड लव्हली' हे मलम भारतात १९७५ साली आले. त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द गळून पडण्यास २०२० साल उजाडावे लागले. शब्द गेला, वृत्ती गेली, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

चरकाच्या रसायन अध्यायातील तिसऱ्या भागाचे नाव 'करप्रचितीय' आहे. हाताने वेचलेल्या आवळ्यांच्या उल्लेखावरून ते आले. चौथ्या भागात ग्रंथकार आणखी पुढे जातो. जो सत्य बोलतो, रागावत नाही, दयाळू असतो, वडीलधाऱ्यांचा मान राखतो, त्याला नित्य रसायन घेतल्याचे फळ मिळते, असे तो सांगतो. आवळ्याने त्वचा निरोगी राहावी, ही इच्छा रास्तच आहे. परंतु आपल्या लेकीच्या हाती आवळ्याचे उटणे देताना, 'तुझा रंग आहे तोच चांगला आहे' हे चार शब्द सोबत दिले, तरच आपण या वैद्यपरंपरेशी इमान राखले, असे म्हणता येईल.