हैदराबादवरील पोलीस कारवाई

हैदराबाद संस्थानाच्या सामिलीकरणासाठी भारत सरकारने केलेली लष्करी कारवाई (१३–१७ सप्टेंबर १९४८). पूर्व खानदेशातील पहूरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता त्या वेळी फर्दापूरजवळ निजामाच्या मुलखात शिरे. ही सरहद्द दोन राष्ट्रांमधील होती की एकाच देशाच्या दोन भागांमधील, यावर कारवाईच्या समर्थनाचा वाद उभा आहे. ‘पोलीस कारवाई’ हे नावच भारताची बाजू गृहीत धरते.

भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याने (१९४७) संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपली. त्यामुळे स्वातंत्र्याचा निजामाचा दावा कायद्याच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हता. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारात वाद लवादाकडे नेण्याची तरतूद होती. शांतताकाळात संस्थानात सैन्य ठेवण्याचा हक्क भारताला त्याने दिला नव्हता. तथापि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊन आणि भारतीय चलनावर निर्बंध घालून हैदराबादनेही कराराचा भंग केला, असा भारताचा आक्षेप होता. उलट, भारताने आर्थिक कोंडी केल्याची तक्रार हैदराबादने केली.

केवळ करारावरून निवाडा केल्यास भारताची बाजू दुबळी ठरते. तिचे खरे बळ प्रजेच्या स्थितीत होते. सुमारे १·६ कोटी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती नाकारण्यात आली होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सामिलीकरणासाठी लढा दिला. कासिम रझवीच्या रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे सरहद्दीपलीकडे गेली. जून १९४८ मधील तडजोडीच्या मसुद्यात सार्वमताची सूचना होती. निजामाने तो मसुदा फेटाळला.

हैदराबादने ऑगस्टमध्ये सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे तिचा विचार सुरू झाला, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात खोलवर पोहोचल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि पुढे तक्रारही मागे घेतली.

कारवाईच्या समर्थनात तिच्या परिणामांचा हिशेब सहसा येत नाही. भारत सरकारनेच पाठविलेल्या सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात व नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज केला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते; उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली. सैन्याच्या एकूण शिस्तीची समितीने प्रशंसा केली. मात्र काही ठिकाणी सैनिकांचा लुटीत हात असल्याचेही नोंदविले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

जुनागढात फेब्रुवारी १९४८ मध्ये सार्वमत घेण्यात आले होते. हैदराबादेत ते झाले नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारतीय संविधान स्वीकारले.