भडकल दरवाजा आणि आपला फलक

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. परंतु ज्या दरवाजावरून आपण रोज भाजीला जातो, त्याच्याविषयी चार शब्द लिहिल्यावाचून राहवेना.

धाकट्या मुलाला भडकल दरवाजाचा रात्रीचा फोटो काढायचा होता. सोबतीला मी गेले. दहा वाजून गेले होते. त्याने कॅमेरा तिपाईवर ठेवला आणि म्हणाला, "आई, उजेड कमी आहे, म्हणून पडदा पंधरा सेकंद उघडा ठेवायचा. धक्का लावू नकोस हं!"

फोटो काढता काढता त्याने हकीकत सांगितली. मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. लहान वयात गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा हातोहात फिरत दख्खनला आला आणि कर्तबगारीने निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी येथे हे शहर वसविले आणि १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा बांधला. भातवडीच्या लढाईत, १६२४ साली, शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. डोंगराकडचे पाणी त्याने जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. हंडे वाहणाऱ्या बायकांनी त्याला किती दुवा दिला असेल! तो १६२६ मध्ये वारला. पुढे खडकीचे फत्तेनगर झाले, मग औरंगाबाद, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. दरवाजा मात्र तोच राहिला.

घरी येऊन फोटो पाहिला. धावणाऱ्या गाड्या दिसतच नव्हत्या, त्यांच्या दिव्यांच्या नुसत्या तांबड्या रेघा! दगड न् दगड मात्र स्वच्छ आला होता. आणि तितकाच स्वच्छ आला होता आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा फाटका फलक! दगडांच्या सांध्यात खिळा ठोकून तो मीच बांधून घेतला होता. मला मान वर करवेना.

सकाळी आम्ही तिघीजणींनी फलक काढला. खिळा मात्र तसाच आहे. उपटला तर दगडाचा टवका निघेल, तो जाणत्या माणसाकडूनच काढवून घ्यावा, असे मुलगा म्हणाला. त्याची खटपट मी चालविली आहे.

यंदाचे आमंत्रण आपण घरोघर जाऊन देऊ. तेवढीच गाठभेटही होईल.